सिस्टर घरं नापास करायच्या

घरभरणीच्या पत्रिका वाटायला निघालेले लोक सिस्टरच्या दारापाशी आले की गाडीचा वेग वाढवत. तरीही सिस्टरना पत्रिका मिळायचीच. अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं त्यांच्या हातून झालेली. ज्या बाईने तुमच्या पोराला जगात आणलं, तिला नव्या घरी बोलवायचं नाही हे बरं दिसत नाही. म्हणून लोक बोलवायचे आणि मनाची समजूत घालायचे, की कार्यक्रम सकाळचा आहे, बाराच्या आत पंगती उठतील, सिस्टर जेवून घरी जातील.

सिस्टर बाराच्या आत येतच नसत. त्या दुपारी दोनला येत.

आमचं मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं. बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं, नाहीतर तो नाशिककडचं समजून मान डोलावतो. मी मूळचा कारंजा लाडचा. मालेगावात कूलर, फ्रीज, एसी विकणाऱ्या एका दुकानात नोकरी लागली म्हणून आलो आणि सिस्टरच्या माडीवरच्या खोलीत काही वर्षं भाड्याने राहिलो. सिस्टर मेडशीच्या बाजूला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि तिथूनच रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. त्यांना नाव होतं, पण ते फक्त पेन्शनच्या कामाला लागायचं.

त्यांची पद्धत ठरलेली होती. मे महिन्यातली दुपार. नव्या घरात ज्या खोलीची भिंत पश्चिमेला, त्या खोलीत त्या एक स्टूल मागायच्या. "पंखा बंद कर बाप्पा," म्हणायच्या आणि बसायच्या. बोलायच्या नाहीत. यजमान समोर उभा राहून घाम पुसायचा. बऱ्याच वेळाने त्या उठून भिंतीला तळहात लावायच्या, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. मग वर स्लॅबकडे बघायच्या. खिडकी उघडते का, किती उघडते, तिच्या समोरच्या भिंतीत हवा बाहेर जायला काही आहे का, हे बघायच्या. आणि एकच शब्द बोलायच्या. पास किंवा नापास. त्यानंतर चहा घ्यायच्या.

पास झालेली घरं फार नव्हती.

एका ठेकेदाराने स्वतःच्या घराची वास्तू मुद्दाम दिवाळीत केली. सिस्टर आल्या, जेवल्या, आहेर दिला आणि म्हणाल्या, "मे महिन्यात येईन." ठेकेदार हसला. मे महिन्यात त्या खरंच आल्या, तेव्हा तो घराला कुलूप लावून सासरवाडीला गेला होता. सिस्टरनी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हात लावला आणि शेजारणीकडे निरोप ठेवला, "नापास म्हना. आतून पाहाची गरज नाई."

मी खोली मागायला गेलो तो दिवस मला आठवतो. त्याआधी पाहिलेल्या खोल्यांच्या मालकांनी पहिल्यांदा आडनाव विचारलं होतं. आडनाव ऐकलं की ती खोली नुकतीच दुसऱ्या कोणाला दिलेली निघायची. सिस्टरनी आडनाव विचारलं नाही. म्हणाल्या, "सकायी लवकर उठतं का तू?"

"उठतो."

"मंग ऊन वर याच्या आदी खिडक्या लावाच्या. पडदे वढाचे. दिवस बुडाला का समद्या उघडाच्या. जमन?"

"जमेल."

"अन् रात्री चोर येईन म्हनून लावाच्या नाई. चोर एखांद्या वेळी येते. ऊन रोज येते."

मला खोली मिळाली. इतर मालक खोलीबरोबर चावी देतात, सिस्टरनी वेळापत्रक दिलं. माझ्या डोक्यावरच्या स्लॅबला त्या दरवर्षी होळीनंतर स्वतः उभ्या राहून चुना मारून घ्यायच्या. तो इतका पांढरा असायचा, की एप्रिलमध्ये गच्चीवर कपडे वाळत घालायला डोळे बारीक करून जावं लागायचं. त्यावर बांबूची चौकट आणि चौकटीवर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, पसरलेल्या. पश्चिमेच्या भिंतीवर दोऱ्या बांधून दोडक्याचा वेल चढवलेला. वेलाला दोडके फार लागत नसत. लागले तर सिस्टर त्याला वेलाचा फाजीलपणा समजायच्या. त्याचं काम सावलीचं होतं.

खोली थंड होती हे मला कबूल करावं लागेल. मी दिवसभर लोकांना गारवा विकायचो आणि संध्याकाळी बिनाकूलरच्या खोलीत येऊन पांघरूण घेऊन झोपायचो.

पण त्यांचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. फ्रीज आतून जेवढा थंड होतो तेवढी गरमी बाहेर टाकतो, हे कळल्यावर त्यांनी स्वतःचा फ्रीज घराबाहेर ओसरीत नेऊन ठेवला. विचार चुकीचा नव्हता. पण आषाढात तिरपा पाऊस आला आणि फ्रीज गेला. त्यांनी माझ्याकडून नवा घेतला आणि तोही ओसरीतच ठेवला. "पाऊस दरवर्सी तिरपा येत नाई," म्हणाल्या. पुढच्या वर्षीही तिरपाच आला.

दुकानात त्या अधूनमधून यायच्या. आमच्या शेठना ते आवडत नसे. एसीवर ताऱ्यांचं जे लेबल असतं ते त्या औषधाच्या पाकिटासारखं उलटसुलट करून वाचायच्या. "तारे मंग सांग. कोनत्या सालाचे ते आदी सांग." हे विचारणं बरोबर होतं. सरकार ताऱ्यांची मोजमापं मधूनमधून कडक करत जातं, त्यामुळे जुन्या सालातले पाच तारे पुढे तेवढे भरत नाहीत. कंपनीच्या माणसाने हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगायचं, असं शेठनी त्यात जोडलं होतं. गिऱ्हाईक विचारत नसे. सिस्टर विचारायच्या, तेही शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या वतीने.

एकदा एक नवराबायको मोठा एसी जवळजवळ घेऊन चुकले होते. सिस्टरनी नवऱ्याला विचारलं, "वर काय हाये? टीन का स्लॅब?"

"स्लॅब आहे."

"चुना मारला?"

"नाही."

"खिडकीवर छज्जा?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "नाही बसवला."

"मंग आदी ते करा. त्याच्यानंतर याच्यापेक्षा लहान एसी पुरन. बिमार मानूस दवाखान्यात आला का आमी एकदम सलाईन नाई लावत. आदी नाडी पाह्यतो."

ते दोघं विचार करतो म्हणून गेले. शेठ मला म्हणाले, "तुह्या घरमालकिनीले सांग, चाहा प्याले येत जाय. पन लग्नसराई झाल्यावर." ते नवराबायको काही दिवसांनी परत आले आणि लहान एसी घेऊन गेले. शेठनी याचं श्रेय उन्हाला दिलं.

त्याच ट्रेनिंगमध्ये मला कळलं होतं, की ताऱ्यांसारखाच एक नियम सरकारने घरांसाठीही काढलाय. छतातून, भिंतीतून किती उष्णता आत येऊ द्यायची, खोलीच्या मानाने उघडणारी खिडकी किती मोठी हवी, असं सगळं त्यात आहे. मी घरी येऊन सिस्टरना सांगितलं. त्या तूर निवडत होत्या. हात थांबले.

"कोनं काढला?"

"दिल्लीवाल्यांनी."

"त्यायले लय उशिरा समजलं," म्हणाल्या आणि पुन्हा निवडू लागल्या. पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून त्या शेजारच्या एका गावच्या ग्रामपंचायतीत गेल्या, कारण तिथे ओळीने घरकुलं बांधून होत होती. ग्रामसेवक भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली आणि सांगितलं, "मॅडम, तो नियम मोठ्या प्लॉटवरच्या इमारतींना लागतो. आपल्या लहान घरांना लागत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "म्हंजे ऊन पडाच्या आदी प्लॉट मोजते का?"

ग्रामसेवकाकडे याचं परिपत्रक नव्हतं. सिस्टर तिथून उठून त्या घरकुलांत एकेका घरात बसल्या. संध्याकाळपर्यंत ओळच्या ओळ नापास झाली. लोकांनी त्यांना चहा दिला आणि राहायला गेले.

हे वेड कुठून आलं, असं मी एकदाच विचारलं. संध्याकाळी खिडक्या उघडायची वेळ होती. मला वाटलं होतं, त्या चेष्टेवारी नेतील.

"नवीन नोकरी होती माही," त्या म्हणाल्या. "एका गावात बाळंतीन पाहाले गेली. मे महिना. नवीन टिनाची खोली. आत बाई, लेकरू, खाटेखाली शेगडी. बाळंतिनीले वारा लागू देत नाई ना आपल्यात. लेकराच्या अंगाले हात लावला, तं चटका बसला. मी म्हटलं, खिडकी उघडा आदी. अन् मांगं वळून पाह्यलं."

त्यांनी समोरच्या खिडकीची कडी काढली.

"खिडकीच नव्हती. भिंतीले खिडकीच ठेवली नव्हती कोनं."

"मग लेकरू?"

"नाई वाचलं," त्या म्हणाल्या. "ते दोन पल्ले नीट उघड. एकच उघडतं तू नेहमी."

किन्हीराजाला त्यांचा धाकटा भाऊ होता, प्रल्हादभाऊ. किन्हीराजा आमच्याच तालुक्यात, कारंज्याच्या रस्त्यावर. आई लवकर गेल्यामुळे सिस्टरनीच त्याला वाढवलं होतं. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, सगळं त्यांनी केलं. तो त्यांना बाई म्हणायचा. सोयाबीन आणि तुरीची शेती नेटाने करून त्याने मातीचं घर पाडलं आणि पक्कं घर बांधलं. घर रस्त्यावरून दिसायचं. समोर, म्हणजे पश्चिमेला, मोठी काच. हॉलमध्ये पीओपीचं छत. उत्तरेकडची लांब भिंतही रस्त्यावरून दिसत होती, म्हणून तिला खाली-वर चकचकीत टाईल्स लावलेल्या. टाईल्स त्याने अकोल्याहून स्वतः निवडून आणल्या होत्या आणि ट्रॉलीत मांडीवर घेऊन बसला होता म्हणे.

गृहप्रवेश मे महिन्यातच ठेवला. पत्रिका घेऊन तो स्वतः आला तेव्हा मी घरी होतो. म्हणाला, "बाई, तू दोनलेच ये." अख्ख्या तालुक्यात स्वतःहून दोनची वेळ देणारा तो एकटाच. त्याला घराची खात्री होती.

मी सिस्टरना मोटरसायकलवर घेऊन गेलो. सकाळी बुद्धवंदना होऊन भंतेजी गेले होते. पंगती उठल्या होत्या, पण पाहुणे हॉलमध्येच थांबलेले. सिस्टर येणार हे सगळ्यांना माहीत होतं. प्रल्हादभाऊंनी स्वतः स्टूल आणून ठेवलं आणि पंखा बंद केला. सिस्टर बसल्या. ऊन काचेतून आत येऊन त्यांच्या पायांवर पडलं, मग गुडघ्यांवर आलं.

"हे काच उघडत नाई का?"

"फिक्स हाये, बाई. आता असंच बसवतात."

"मंग वारा कुठून येईन?"

"पंखा हाये ना."

त्या उठल्या, भिंतीला हात लावला, छताकडे बघितलं. भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होता. गावाने त्याचं घर वाखाणलं होतं, त्याचं त्याला काही नव्हतं. एकाच माणसाच्या तोंडून एकच शब्द हवा होता.

"नापास," सिस्टर म्हणाल्या.

प्रल्हादभाऊ म्हणाले, "तू नर्स हाये का इंजिनेर?"

"नर्स."

"मंग बिमार कोन हाये इथं?"

"आज कोनी नाई."

"गावासमोर माही इज्जत काढली तू. मंग या घरात पाय ठेवू नोको पुन्हा."

सिस्टरनी हातातला चहा संपवला. चहा टाकून उठणं त्यांना पटत नसे. मग कप खाली ठेवून त्या निघाल्या. मालेगावला गाडीवरून उतरताना म्हणाल्या, "टाईल्स चांगल्या आनल्या त्यानं." आणि आत गेल्या.

पुढच्या वर्षी ऊन तापायच्या आत प्रल्हादभाऊ आमच्या दुकानात आले. माझी ओळख त्यांनी दाखवली नाही. शेठना म्हणाले, "सर्व्यात मोठा एसी द्या. बाईले थंडीच वाजली पाह्यजे असा." मी काही बोलायच्या आत शेठनी बिल केलं होतं. आमचा माणूस घरी जाऊन एसी बसवून आला. बाहेरची पेटी रस्त्यावरून दिसायला नको, अशी प्रल्हादभाऊंची अट होती, म्हणून ती मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी बसली.

सिस्टरना हे मीच सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, "किती ताऱ्याचा?"

"तीन."

"अन् वर चुना?"

"नाही मारलेला."

"हॉलमधी लावला असन."

"हो."

त्या स्वतःशीच मान हलवत राहिल्या. भावाला फोन करा, असं मी म्हणालो. "त्यानं पाय ठेवू नोको म्हटलं," त्या म्हणाल्या. "फोन म्हंजे बी पायच झाला."

त्या घरात तेव्हा प्रल्हादभाऊ, त्यांची बायको शोभावहिनी आणि सून प्रीती अशी तिघं असायची. मुलगा अकोल्याला कामाला, सुट्टीला यायचा. प्रीतीला सातवा महिना लागून गेला होता. तिला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपण सासरीच होणार होतं.

एका दुपारी शोभावहिनींचा सिस्टरना फोन आला. प्रीती स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती, तिला मालेगावच्या दवाखान्यात आणत होते. सिस्टर चप्पल घालून निघाल्यासुद्धा. मी दुकानातून पोचलो तेव्हा प्रीतीला सलाईन लावलेलं होतं आणि सिस्टर तिच्या पायथ्याशी बसून सलाईनच्या थेंबांकडे बघत होत्या. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास आहे, अंगातलं पाणी कमी झालंय, बाळ ठीक आहे. दोन दिवस ठेवू. घरी नेल्यावर गारव्यात ठेवा.

प्रल्हादभाऊ दाराशी उभे होते. म्हणाले, "घरी एसी हाये, डॉक्टरसाहेब."

शोभावहिनी कमी बोलणाऱ्या. त्या वऱ्हांड्यात येऊन सिस्टरना म्हणाल्या, "बाई, तुमी उद्या घरी या. दुपारी."

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी काढून सिस्टरना किन्हीराजाला नेलं. प्रल्हादभाऊ दारातच होते. "मी तुले बोलावलं नाई," म्हणाले.

"तू नाई बोलावलं. शोभानं बोलावलं."

ते बाजूला झाले. हॉलमध्ये एसी चालू होता. खरंच थंडी वाजत होती. सिस्टर सवयीने स्टूल शोधू लागल्या. इतक्यात आतून शोभावहिनींचा आवाज आला.

"बाई, तिथं नोका बसू. इकडे या."

सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग मी गेलो आणि हॉलचं दार माझ्या मागे लागलं. गारवा जाऊ नये म्हणून ते दार बंद ठेवायची पद्धत त्या घरात पडली होती. स्वयंपाकघर मागच्या कोपऱ्यात. खिडकी नव्हती, कारण खिडकीच्या जागी उत्तरेची टाईल्सची भिंत होती. उघडं असेल ते फक्त अंगणाचं दार, आणि त्या दारापाशी एसीची पेटी गरम हवा फेकत उभी. वर उघडा स्लॅब. खाली गॅसवर तवा. दवाखान्यात डबा न्यायचा होता, म्हणून शोभावहिनी पोळ्या लाटत होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

सिस्टर पाटावर बसल्या. वहिनी पोळ्या करत राहिल्या. मी दारापर्यंत जाऊन आलो, पुन्हा गेलो आणि तिथेच थांबलो. सिस्टरचा पदर भिजला. चष्म्यावर घाम उतरला, तो त्यांनी पुसला नाही. सगळ्या पोळ्या झाल्या, भाजी झाली, डबा भरून झाला, तोवर त्या बसल्या होत्या. त्यांच्या वयाला ते बरं नव्हतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "शोभा, मी एवढ्या घरात बसली. सैपाकघरात कवाच नाई बसली."

वहिनी कणीक खरवडत होत्या. "कोन बसते, बाई? तुमी हॉलमधी बसून घर नापास केलं, अन् हे हॉलमधी एसी लावून पास करून राह्यले. मी अन् पोरगी इकडेच होतो."

सिस्टर भिंतीला धरून उठल्या, हॉलचं दार उघडलं आणि भावाला हाक मारली. "प्रल्हाद, इकडे ये. बस इथं."

"कायले?"

"बस म्हनते ना मी."

लहानपणी हात धरून शाळेत नेणाऱ्या बहिणीच्या आवाजात त्या बोलल्या असाव्यात, कारण प्रल्हादभाऊ आले आणि पाटावर बसले. वहिनींनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं. चहाला उकळी आली तेव्हा प्रल्हादभाऊंचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते आधी दाराकडे बघत होते. मग बायकोकडे बघायला लागले. ती कपात चहा गाळत होती आणि तिच्या हनुवटीवरून घाम ओट्यावर पडत होता.

"तुले रोज असंच होते का?" त्यांनी विचारलं.

"नाई," वहिनी म्हणाल्या. "सकायी जरा बरं असते."

प्रल्हादभाऊ चहा न घेता उठले आणि बाहेर गेले. मी खिडकीतून बघितलं असतं, पण खिडकी नव्हती, म्हणून अंगणातून वळसा घालून गेलो. ते उत्तरेच्या भिंतीसमोर उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी खिशातून मोबाईल काढून मिस्तरीला बोलावलं.

मिस्तरीच्या हाताला त्यांनी टाईल्स लागू दिल्या नाहीत. छिन्नी-हातोडी घेऊन खिडकीच्या जागेतल्या टाईल्स ते स्वतः काढत बसले, पुन्हा कुठे लावता येतील म्हणून, एकेक सोडवून. जवळजवळ सगळ्या फुटल्या. एक अख्खी निघाली, ती त्यांनी पुसून बाजूला ठेवली. सिस्टर उन्हात छत्री धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदाच तोंड उघडलं, "वरतून स्लॅबच्या खाली बी एक लहान झरोका ठेवजो. गरम हवा वर जाते." प्रल्हादभाऊंनी मिस्तरीला हाताने वरची जागा दाखवली.

दोन दिवसांत खिडकी झाली, झरोका झाला. बाहेरची पेटी उचलून गच्चीवर सावलीत नेली, ते काम आमच्या माणसाने केलं. स्लॅबला चुना मारला, वर तुराट्या टाकल्या. हॉल आणि स्वयंपाकघरामधलं दार उघडं ठेवायला प्रल्हादभाऊंनी त्याला दोरी बांधली. एसी मग चोवीसवर ठेवला तरी पुरू लागला, आणि तो बहुतेक वेळ बंदच असायचा. प्रीती घरी आली. तिला मुलगी झाली, वाशिमच्या दवाखान्यात, आणि सिस्टर बाहेरच्या बाकावर रात्रभर बसून होत्या.

किन्हीराजाचं घर पास झालं की नाही, हे सिस्टरनी कधी सांगितलं नाही. प्रल्हादभाऊंनीही विचारलं नाही. ते राखीला आले तेव्हा दोघं पावसापाण्याचं बोलले.

त्या वर्षापासून सिस्टरची पद्धत तेवढी बदलली. घरभरणीला गेल्या की त्या हॉलमध्ये थांबत नसत, सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसत आणि चूल किंवा गॅस पेटवायला लावत. त्यामुळे आधी पास केलेली काही घरंही नापास झाली. लोक वैतागले. बायका मात्र त्यांना दोन वाजता या, असं स्वतःहून सांगू लागल्या.

परवाच्या उन्हाळ्याची गोष्ट. माझी नोकरी आता कारंज्यातच आहे, पण त्या दिवशी मालेगावला काम होतं. ते उरकून सिस्टरना घेऊन एसटीने किन्हीराजाला गेलो. प्रल्हादभाऊंकडे मालेगावचे एक नवराबायको आले होते. त्यांचं नवं घर तापत होतं आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की प्रल्हादभाऊंचं घर पाहून या. सिस्टर मागच्या बाजूला नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्रल्हादभाऊ त्या दोघांना उत्तरेची भिंत दाखवत होते.

"मी आदीपासूनच म्हनत होतो," ते सांगत होते, "हवेले याले एक जागा पाह्यजे अन् जाले एक पाह्यजे. लोकं टाईल्स पाह्यतात. मी म्हटलं, टाईल्स गेल्या तं गेल्या. अन् खिडकी दुपारी सताड उघडी ठेवाची, म्हंजे घर थंड राह्यते."

दुपारी खिडकी उघडी ठेवायची नसते. दुपारी ती लावायची असते, हे सिस्टरच्या घरात राहिलेलं मांजरही सांगेल. मी सिस्टरकडे बघितलं. त्या नातीच्या पायातलं पैंजण सरळ करत होत्या.

परत येताना बसथांब्यावर मी विचारलं, "ते दुपारी खिडकी उघडी ठेवा म्हणाले."

"आयकलं म्या."

"मग तुम्ही काही बोलला नाही."

सिस्टरनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "त्या दोघायच्या घरी मी मांगच्या वर्सी बसून आली. सैपाकघर तापते, भिंतीत खिडकी पाडा, असं सांगतलं. त्यायनं मले चाहा पाजला. पोहे देल्ले. गेटापरेंत सोडाले आले."

"आणि?"

"अन् काही नाई. आज प्रल्हादानं सांगतलं, तं मिस्तरीचा नंबर घिऊन गेले." बस लांबून दिसायला लागली होती. त्या दोन पावलं पुढे झाल्या. "खिडकी तं होऊ दे आदी. लावाची कवा, ते मंग मी जाऊन सांगीन."